पाच कार्डं आणि केरिनचं लग्न

२१ मे, मंगळवार. पहाटे ५:४०

आधी सगळ्यांची चौकशी. मुलगे चर्चच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला परगावी होते तेव्हा दर मंगळवारी त्यांना पत्र लिहायचो, त्याची सुरुवात अशीच असायची. आता पत्र मागणारं कुणी नाही, म्हणून वहीत.

रीवा, तुझा गुडघा कसा आहे? (सुजलाय. विचारलं की म्हणते, विचारू नको.) थोरला डॅरन कसा आहे? (आयडाहोत. ठीक असावा.) जुळे कसे आहेत? (दोघांना मिळून सात पोरं. ठीक कसे असतील?) टर्की कशा आहेत? (विकून चार वर्षं झाली. तरी यावेळी जाग येतेच.) अंगणातलं जर्दाळूचं झाड? (फळ धरलंय.) वर्ल जेन्सन, वय एकाहत्तर, तुझी छाती? (केरिनचा फोन आल्यापासून धडधडतेय.)

केरिन येतेय! आमचं शेंडेफळ. छत्तीसची झाली. नऊ वर्षांपूर्वी चर्च सोडलं नि पोर्टलंडला गेली. दोन वर्षांत घरी पाऊल नाही. आता लग्न करतेय. मुलगा एलियट, आपल्यातला नाही. १ जूनला त्याला आणि त्याच्या आईला, ऑगस्टाबाईंना, घेऊन दोन दिवस राहायला येणार. लग्न आपल्याच अंगणात, जर्दाळूखाली करावं असं तिच्या मनात आहे. पण म्हणाली, बाबा, आधी ही भेट नीट होऊ दे. नाहीतर तिकडेच उरकू. साधं वागा. आणि एकच मागणं, चर्चमध्ये माझ्याबद्दल काही बोलू नका.

मी म्हटलं, बेटा, मी कशाला बोलतोय?

संकल्प: ऑगस्टाबाईंचे आपल्या धर्माबद्दलचे सर्व गैरसमज पहिल्याच संध्याकाळी दूर करणे. आईचं मन वळलं की मुलगा वळेल, आणि त्याच्यामागून आमची लेक.

२२ मे, बुधवार

पाच गैरसमज, पाच कार्डं. ठळक अक्षरात.

एक. बायका अनेक. (एकच. सत्तेचाळीस वर्षं तीच पुरून उरलीय.)
दोन. आम्ही ख्रिस्ती नाही. (आहोत. चर्चच्या नावातच येशू आहे. मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव घ्या, असं आता वरून सांगितलंय. पण पूर्ण नाव घेईपर्यंत पाहुण्यांचं ताट गार होतं.)
तीन. आम्ही घोडागाडीतून फिरतो. (ते आमिश, वेगळा पंथ. आमच्या दारात दोन ट्रक.)
चार. आम्ही जादूचे आतले कपडे घालतो. (पवित्र आहेत. जादूचे नाहीत. विषय संपला.)
पाच. आम्हाला कॉफीवाल्यांचा राग येतो. (मुळीच नाही. आमच्या धर्मात कॉफी वर्ज्य, एवढंच.)

रीवाला वाचून दाखवली. म्हणाली, वर्ल, त्या बाईंनी हे विचारलंय का? म्हटलं, विचारण्याआधी सांगितलं की माणूस मोकळा होतो. ती म्हणाली, कोण?

२४ मे, शुक्रवार

रंगीत तालीम. गावात आपल्या चर्चचा नसलेला, दिवसा सापडणारा माणूस एकच, टायरवाला बेनितो. कॅथलिक. ट्रकचा टायर ठीक होता, तरी बदलायला नेला. तो जॅक लावत होता तेवढ्यात पाचही कार्डं वाचली.

बेनितो म्हणाला, वर्लदादा, मी बावीस वर्षं इथे आहे. दर नाताळला तुमच्या घरून पाव येतो. दर वसंतात दोन मिशनरी पोरं येतात. माझी बायको गेली तेव्हा तुमच्या लोकांनी महिनाभर चूल पेटू दिली नाही. तुम्ही वाईट आहात असं मी कधी म्हटलं? फक्त बावीस वर्षांत एकानेही विचारलं नाही की बेनितो, तू कुठली प्रार्थना म्हणतोस.

तालीम उत्तम झाली. एकही गैरसमज शिल्लक नाही.

(विचारायला हवं होतं. पुढच्या टायरला.)

२८ मे, मंगळवार

पाचवं कार्ड नुसतं वाचून भागणार नाही, कृती हवी. पाहुण्यांसाठी घरात कॉफी! गावात घेतली तर बातमी माझ्याआधी घरी पोचेल, म्हणून चाळीस मैलांवरच्या दुकानात गेलो. तिथे कॉफीची अख्खी भिंत. डोळे मिटून एक पिशवी उचलली. वळलो तर मागे बिशप लॅमोंट. आमच्या वॉर्डाचा म्हणजे मंडळीचा प्रमुख. रविवारी बिशप, एरवी पाण्याचे पंप दुरुस्त करतो. पंपाचा वॉशर न्यायला आला होता.

पिशवीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. अगदी हळू आवाजात म्हणाला, ब्रदर जेन्सन, घरी सगळं बरं आहे ना? म्हटलं, पाहुण्यांसाठी आहे, बिशप. तो म्हणाला, हो, हो. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. फार वेळ ठेवला.

समजूतदार माणूस. कुणाला सांगणार नाही.

२९ मे, बुधवार

सकाळी वॉर्डातल्या सिस्टर ह्यूलेट ट्रे घेऊन आल्या. (आमच्यात सगळे ब्रदर नि सिस्टर.) दुपारी सिस्टर बॅगली. संध्याकाळी आणखी एक. तिन्ही ट्रेंत चीज घातलेले बटाटे, वर कुस्करलेले कॉर्नफ्लेक्स. आपल्याकडे मयताच्या घरी नेतात तेच. सिस्टर बॅगली डोळे पुसत म्हणाल्या, ब्रदर जेन्सन, आम्ही तुम्हाला सोडणार नाही.

रीवा म्हणाली, चला, जिवंतपणी मिळाले.

३१ मे, शुक्रवार

कॉफीचे दाणे भलतेच टणक. रीवाचंही मत पडलं की रात्रभर भिजवावे. घरात जन्मभर राजम्याशिवाय दुसरे कुठले दाणे शिजवलेत?

एक बारीकशी अडचण. परवा महिन्याचा पहिला रविवार. म्हणजे उपासाचा. दोन वेळचं जेवण नाही, आणि चर्चमध्ये ठरलेलं भाषण नसतं. ज्याच्या मनात येईल त्याने उठून मायक्रोफोनपाशी आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची. रीवा म्हणाली, पाहुण्यांना घरीच ठेव, वॅफल करते. आणि वर्ल, तू उठायचं नाहीस. शब्द दिला.

१ जून, शनिवार. संध्याकाळी ७

आले! केरिन बारीक झालीय. मला मिठी मारली, दोन सेकंद. मोजले नाहीत, कळतं. एलियट उंच, लाजरा, दारात बूट काढले. ऑगस्टाबाई निवृत्त नर्स, रीवाचा गुडघा पाहून आल्याआल्या खाली बसल्या आणि बर्फ मागितला.

जेवणानंतर कॉफी. दोन तास उकळली होती. पळीने कपांत वाढली, तळाशी थोडे दाणेही राहू दिले. ऑगस्टाबाईंनी घोट घेतला, म्हणाल्या, छान आहे, कसला काढा? केरिन टेबलाखाली गेली. मला वाटलं रडतेय. हसत होती! एलियटही, रीवाही. नऊ वर्षांनी या घरात तिचं हसू. तिथेच थांबायला हवं होतं का? छे, वातावरण इतकं चांगलं होतं की मी कार्डं काढली.

चौथ्यापर्यंत ऐकून ऑगस्टाबाई म्हणाल्या, वर्लभाऊ, मला यातलं काही वाटतच नव्हतं. मला एवढंच सांगा, तुम्हाला स्वतःला यातून काय मिळतं?

कार्डं चाळली. त्यावर कार्ड नव्हतं. म्हटलं, छान प्रश्न. आणि पाचवं वाचलं.

केरिन भांडी घासताना म्हणाली, बाबा, बरं झालं सगळं. जर्दाळूखाली किती खुर्च्या मावतील?

साठ मावतात. टेपने मोजून आलो.

२ जून, रविवार. दुपारी ३

ऑगस्टाबाई स्वतःहून म्हणाल्या, चर्च बघायचंय. सगळे आले. मी उठणार नव्हतो. खरंच नव्हतो. पण ब्रदर ह्यूलेट त्यांच्या गाडीच्या बॅटरीवरच्या चमत्काराबद्दल बारा मिनिटं बोलले. पाहुण्या ऐकताहेत. मला वाटलं, ऑगस्टाबाईंच्या कालच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

मायक्रोफोनपाशी पोचलो तर खिशात फक्त कार्डं. उपाशी दोनशे मॉर्मनांना सांगितलं की आम्हाला एकच बायको असते. मागून कुणीतरी म्हणालं, माहितेय. घोडागाडीपर्यंत आलो. कार्डं खाली ठेवली. आणि मग जे आलं ते खरं आलं. म्हटलं, मला काय मिळतं? टेंपलमध्ये (आमचं मोठं, पवित्र मंदिर) प्रार्थनेची यादी असते. आपल्या माणसाचं नाव कळवायचं, तिथली मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करतात. नाव काही दिवसच राहतं. म्हणून मी दर आठवड्याला फोन करतो. नऊ वर्षांत एक आठवडा चुकवला नाही. माझ्या केरिनचं नाव. ती परत येईल म्हणून.

रडलो. सिस्टर बॅगली रडल्या. सगळ्यांनी वळून केरिनकडे पाहिलं. प्रेमानंच पाहिलं.

अंगणात तिला विचारलं, ऐकलंस ना, बेटा? ती म्हणाली, त्या यादीत आजारी माणसं असतात, बाबा. कॅन्सरवाली, अपघातवाली. मी नऊ वर्षं त्यात आहे? मी बरीच होते.

मी म्हटलं, यादी सगळ्यांसाठी असते. हा सहावा गैरसमज.

असं म्हणालो मी.

३ जून, सोमवार

वॅफल न खाता निघाले. लांबचा रस्ता आहे, बरोबरच आहे. ऑगस्टाबाईंनी माझा हात दाबला. एलियटने बूट गाडीत बसून घातले. एकंदरीत भेट यशस्वी. किरकोळ सुधारणा बाकी.

९ जून, रविवार

साठ खुर्च्या चर्चमधून मागून ठेवल्या. अंगणात मांडून पाहिल्या. रीवा खिडकीतून पाहत होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

केरिनला तीन संदेश. उत्तर नाही. कामात असेल.

१६ जून, रविवार. फादर्स डे

चर्चमध्ये प्रत्येक बापाला चॉकलेट दिलं.

केरिनचा फोन आला, रीवाला. लग्न १० ऑगस्टला, पोर्टलंडला, ऑगस्टाबाईंच्या परसात. केरिन म्हणाली, आई, तू ये. मी विचारलं, आणि मी? रीवा म्हणाली, येऊ नको असं ती म्हणाली नाही. म्हटलं, ये असंही म्हणाली नाही ना? रीवा म्हणाली, नाही रे. आणि माझ्याजवळ येऊन बसली.

१८ जून, मंगळवार

टेंपलला फोन करायचा वार. नंबर फिरवला आणि तिचं नाव तोंडातून काढलंच नाही. दुपारभर जीव थाऱ्यावर नव्हता. एवढ्यात तिच्या गाडीला काही झालं तर? पुन्हा फोन केला. स्वतःचं नाव दिलं. वर्ल जेन्सन. आजार काय ते विचारत नाहीत, बरं झालं.

खुर्च्या परत पोचवल्या. मग पत्र लिहिलं, चार वेळा. कार्डं घातलेलं पहिलं फाडलं, समजावणारं दुसरं फाडलं, माफी मागताना पुन्हा समजावणारं तिसरंही. चौथं पाकिटात घातलं. त्याची नक्कल:

केरिन, यादीतून तुझं नाव काढलंय. मी येऊ का? मागच्या रांगेत बसेन, उठणार नाही. नको असेल तर नको एवढंच लिही, पण लवकर लिही.