यादीतलं वय

॥ श्री ॥
नागरवाडा, बडोदे
८ मे १९८९

ती. सौ. निरुपमाताईस मंदाचा सा. न. वि. वि.

सुट्टी लागली म्हणून खूश होते, तोच शाळेत हुकूम आला. आता अठरा पूर्ण झालेल्यांनाही मत मिळणार, म्हणून मतदार यादी नव्याने करायची आणि त्यासाठी घरोघर हिंडायचं आम्ही शिक्षकांनी. माझ्या वाट्याला गोत्रीच्या सोसायट्या आल्या. पोरंपोरी जिन्यातच गाठतात, बेन, मारूं नाम लखजो! एकविसाची वाट पाहायला नको म्हणून हरखलीत नुसती.

काल कुणाचं दार वाजवलं असेल सांग? फत्तेसिंहराव जगदाळ्यांचं! आपल्या समरजितला ज्यांची मृदुला सांगून आली आहे, तेच. मी तुझी बहीण हे त्यांना ठाऊक नाही आणि मीही बोलले नाही. म्हटलं, सरकारी कामाच्या निमित्ताने होणारी सून बघून घ्यावी.

मुलगी गोड आहे. पण ताई, घरातली नावं त्यांनी आधीच कागदावर लिहून ठेवली होती. मृदुला, वय अठरा पूर्ण. दाखला मागितला तर म्हणाले, तो गावी आहे, तुम्ही लिहून तर घ्या. मग विचारलं, यादीची नक्कल कधी मिळेल, तिच्यावर शिक्का असतो ना? लोक आम्हाला पाहून दार लावतात, ह्यांना शिक्क्याची घाई! झोपाळ्यावर दहावीची भूमिती पडली होती, वर मृदुलाचं नाव. अठराव्या वर्षी दहावी? आजारपणात वर्षं गेली असतील, नाही असं नाही. मी लिहून घेतलं, पण तेव्हापासून मनाला चैन नाही.

भावजींना नमस्कार. मायेत उणं येऊ देऊ नकोस.

तुझी
मंदा

॥ श्री ॥
इंदूर
१७ मे १९८९

चि. सौ. मंदास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं आणि रागही आला. लहानपणी लाडू कुणी खाल्ला म्हणून सगळ्यांचे हात हुंगत फिरायचीस, ती खोड गेली नाही. पत्रिकेत जन्मसाल एकाहत्तर आहे आणि गुण छत्तिसातले अठ्ठावीस जुळतात. मामंजींनी शब्द दिला आहे. चातुर्मासाआधी, दोन जुलैला लग्न धरलं आहे.

खरं विचारू? तुझ्या मैत्रिणीची मुलगी आम्ही नाकारली, त्याचं तर हे नव्हे ना? असेल तर मोकळेपणी बोल, आडून आडून नको.

आणि तुझा संशय फिटावा म्हणून सांगते. फत्तेसिंहरावांचं कालच पत्र आलं. ते लिहितात की मुलीच्या वयाबद्दल शंकाच नको, सरकारी यादीतसुद्धा तिचं नाव अठरा पूर्ण म्हणून चढलं आहे. आता तरी पटलं?

उन्हातान्हाची छत्री घेऊन जात जा. आशीर्वाद आहेतच.

ताई

॥ श्री ॥
नागरवाडा, बडोदे
२६ मे १९८९

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

ज्या यादीचा पुरावा ते तुला दाखवतात, ती मी लिहिली आहे, ताई. माझ्याच अक्षरात.

मंगळवारी मी पुन्हा गोत्रीला गेले, एक सही राहिली म्हणून. फत्तेसिंहराव बाहेर गेले होते. त्यांच्या आई इंदिराबाई एकट्या गहू निवडत बसल्या होत्या. मीही सूप ओढलं. बोलता बोलता म्हणाल्या, ही मृदुला झाली तेव्हा नवनिर्माणचं आंदोलन पेटलेलं, गावात कर्फ्यू, सुईण येईना, शेवटी शेजारच्या पुष्पाबेननं सोडवलं. नवनिर्माण चौऱ्याहत्तरच्या सुरुवातीचं. मी तेव्हा नोकरीला नवीन होते, महिनोन् महिने शाळा बंद होती, मी कशी विसरेन? मुलगी पंधरा वर्षांची आहे.

मी निघाले तशी मृदुला फाटकापर्यंत आली. म्हणाली, बेन, मला खरंच मत आहे का? मी म्हटलं, तूच सांग. तर मान खाली घालून विचारलं की यादीतून नाव काढायला अर्ज लागतो तो कुणाचा, माझा चालेल का? बाबा म्हणतात, यादीत नाव आलं म्हणजे आता कायद्यानंसुद्धा कुणी अडवणार नाही. तिला अकरावीला सायन्स घ्यायचं आहे. हे सांगताना सारखी घराकडे वळून बघत होती.

सोमवारी मामलतदार कचेरीत मी लेखी कळवणार आहे की ही नोंद चुकीची आहे. तू फक्त लग्न थांबव. मैत्रिणीच्या मुलीचं म्हणशील, तर तिचं लग्न मार्गशीर्षातच झालं.

रागावलीस तरी मी तुझीच,
मंदा

इंदूर
५ जून १९८९

चि. सौ. मंदास आशीर्वाद.

पत्रिका छापून वाटायलाही घेतल्या आहेत. म्हाताऱ्या बाईला साल काय आठवणार? आणि पंधरा तर पंधरा. मी पंधराचीच होते. नववीत पहिली आले होते आणि मांडवात उभी केली. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून काय मी मेले?

कचेरीत कागद दिलास तर ह्या घरात तुझं नाव निघणार नाही. समरजितला यातलं काही ठाऊक नाही. तूही लिहायचं नाहीस.

ताई

॥ श्री ॥
इंदूर
१४ जून १९८९

ती. सौ. मावशीस समरजितचा शि. सा. न. वि. वि.

पिथमपूरच्या कारखान्यातून रविवारी घरी आलो, तर आईने तुझी दोन्ही पत्रं माझ्या हातात ठेवली आणि पाठमोरी उभी राहिली. वाच म्हणाली, एवढंच. मला मुलगी अठराची सांगितली होती.

मी आजोबांना सांगितलं की मी हे लग्न करणार नाही. फार बोलले. शब्द मोडला म्हणाले. फत्तेसिंहरावांना मी स्वतः पत्र टाकलं आहे, त्यात तुझं नाव घेतलं नाही. आजोबांचा मात्र तुझ्यावर राग आहे आणि आई कुणाशीच बोलत नाही. तू सध्या येऊ नकोस.

काल ताट वाढताना आईने एकदम विचारलं, गुजरातेत दहावीचा निकाल कधी लागतो रे? मला ठाऊक नव्हतं.

माया असू दे.

समरजित

॥ श्री ॥
नागरवाडा, बडोदे
३० जून १९८९

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

निकाल लागला. मृदुला पास झाली, शेकडा चौऱ्याहत्तर. गणितात एक्याऐंशी.

कचेरीत सुनावणी झाली. फत्तेसिंहराव सरळ म्हणाले की वय बेननं मनानेच लिहिलं, मी पंधराच सांगितलं होतं. मी वाद घातला नाही. त्यांच्याच तोंडून पंधरा आलं आणि ते लिहिलं गेलं, मला तेवढंच हवं होतं. नाव कमी झालं. मला निष्काळजीपणाबद्दल मेमो मिळाला, तो मी सही करून घेतला.

ह्या गृहस्थाचा मला अजूनही भरवसा नाही. सावली गावाकडचं एक स्थळ आलं आहे असं कानावर आलं. म्हणून इंदिराबाईंना सांगून ठेवलंय, दर शनिवारी नातीला अकरावीचं गणित शिकवायला येईन. त्या हो म्हणाल्या. मुलाला विचारलंही नाही.

तू तेव्हा नववीत पहिली आली होतीस आणि आईनं तुझी पुस्तकं मला दिली. मी ती आनंदानं घेतली, ताई. तुला काय वाटलं असेल, हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही.

उत्तर लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस. पत्र मात्र परत पाठवू नकोस.

तुझी
मंदा