दोघांची एकच बारी

बाबा, आपल्या तलावाच्या पाण्याची बारी मी लावून दिली होती, तिच्याबद्दल लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज वर्गात मी तेच गणित शिकवलं.

त्या वर्षी पावसाने शेवटी दगा दिला. धान गर्भात होता, लोंब्या बाहेर यायच्या होत्या, आणि तलावात सात दिवस पुरेल एवढंच पाणी. तलावावर सात घरांची शेतं; रोज त्यातल्या तीन घरांची माणसं पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून पाणी सोडणार होती. पण नेहमीच्या जोड्या एकमेकांच्याच बांध्या, धानाचे तुकडे, भिजवतात, अशी सगळ्यांची तक्रार. मी गोंदियाहून कॉलेजच्या सुटीत आलेली. तुम्ही म्हणालात, "तू गणित शिकून राहिली ना बाई? मंग असी बारी लाव का कोनाची जोडीच जमली नाई पायजे." मी ओसरीत खडूने गोल काढून घरांना आकडे दिले. पहिल्या दिवशी पहिलं, दुसरं आणि चौथं घर. मग रोज प्रत्येकाने एक घर पुढे सरकायचं, सातव्यानंतर पुन्हा पहिलं. या तीन आकड्यांमधले फरक असे, की सात दिवसांत कोणतीही दोन घरं एकत्र येतात ती नेमकी एकदाच. तुम्ही बोटाने एकेक जोडी तपासलीत. एका जोडीवर बोट थांबलं. तुमची आणि काकाची. शेताच्या वाटणीपासून तुम्ही भाऊ एकमेकांशी बोलत नव्हता.

तुमच्या दोघांच्या बारीच्या दिवशी मी डबा घेऊन येते, तर तिसरा गडी पाट बघायला गेलेला, आणि तुम्ही दोघे पाण्यात पाय सोडून बसलेले. काका काहीतरी सांगतो आहे, तुम्ही मान हलवता आहात. मला पाहिल्यावर काकाने वाक्य अर्धंच सोडलं आणि तुम्ही डब्याला हात पुढे केलात. संध्याकाळी जेवताना, ताटातून नजर न काढता, तुम्ही म्हणालात, "आखरी दिवशी त्याची बारी हाये. मले बी घाल ना तिथं."

"काऊन?"

"असंच."

"मग सगळी मांडणी मोडते, बाबा. कोणत्याही दोघांची गाठ एकदाच, तेच तर त्यातलं खरं!"

"बरं," म्हणालात, आणि भात कालवू लागलात. तुम्हाला गणित समजलं नाही, असं मला वाटलं. पुढच्या हंगामाआधीच तुम्ही गेलात.

आता मी मुलांना शिकवते, की अशाच फरकांवर शून्य आणि एकची ओळ बांधली, तर ती स्वतःवरच गोल कितीही सरकवून ठेवा, जुळणाऱ्या जागा तेवढ्याच, थोड्याच राहतात; सगळ्या जुळतात त्या न सरकवता ठेवली तरच. म्हणून गोंगाटातही संदेशाची सुरुवात ओळखू येते. गुप्त संदेशांच्या शास्त्रातही अशा ओळी वापरतात. आज एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण एखादी जोडी दोनदा हवी असली तर?" वर्ग हसला. मी सहज म्हणून गेले, "मग एकाला घरी बसवा, दुसऱ्याला घ्या. त्यात काय?" आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

गेल्या दिवाळीत काका मला घ्यायला सौंदडच्या स्टेशनवर आला होता. आता थकला आहे. गाडी सुरू करायच्या आधी म्हणाला, "माहं अर्धंच बोलनं झालं होतं वो त्याच्यासंगं. त्याले पुन्हा बसाचं नवतं का?"

तुम्ही तो आखरी दिवस मागितला होता, एवढंच सांगायचं होतं. मी म्हटलं, "मला नाही माहीत, काका." तो बरं म्हणाला, अगदी तुमच्यासारखं, आणि किल्ली फिरवली.

उद्या त्याला फोन करीन, असं इथे लिहिणार होते. नाही लिहीत. तुम्हाला सांगणं सोपं आहे, बाबा, म्हणून तुम्हाला सांगते आहे.