डब्यात कोण आणि कात्री कोणाची

तीर्थस्वरूप मामा यांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. त्या आठ अंगांतून मान तेवढी वजा करून घ्यावी, ती गेले दहा दिवस वळत नाही. (का, ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? दिवसभर स्टुडिओतल्या त्या बंद खोलीत बसून परक्या लोकांच्या तोंडी आपली भाषा घालता घालता डोळे चुरचुरतात, असं मागच्या पत्रात लिहिलं होतंत. डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा. आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत. दुकान जोरात चाललंय, ही मजेत आहे, आणि मेहुणा माझ्याशी बोलतो आहे, मात्र भांडण्यापुरतंच.

पत्राला तसं काही कारण नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण तुमचा स्वभाव संशयी. 'परतीची कक्षा' या मालिकेचे संवाद आपल्या भाषेत तुम्ही लिहिता, शेवटचा भागही तुमच्या टेबलावर येऊन पडला असणार, आणि त्यातलं अवाक्षर बाहेर सांगणार नाही अशी सही तुम्ही करून दिली आहे, हे सगळं मला ठाऊक आहे. मामींनासुद्धा सांगितलं नाहीत आणि त्यांनी आठवडाभर अबोला धरला, हेही कानावर आलं. तेव्हा मी काहीएक विचारणार नाही. भाचा झालो म्हणून काय झालं, माणसाला काही लाजलज्जा असते.

आता, मालिका तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ. पण आमच्या दुकानात ती कशी बघतात ते तुम्हाला कुठून कळणार? दर गुरुवारी संध्याकाळी सातला रिळांच्या कपाटावरचा टीव्ही लागतो आणि दोन्ही मशीनं थांबतात. (माझे वडील गेले त्या दिवशीसुद्धा एक मशीन चालू होतं.) तीस वर्षांनी घरी परतणारं ते यान, तिसऱ्या भागाअखेर उरलेली मोजून एकवीस माणसं, आणि चौथ्या भागात डोकी मोजली तर बावीस! बाविसाव्याच्या डोक्यावर चौकोनी शिरस्त्राण, अंगात घोट्यापर्यंत राखाडी कोट, आणि तोंडातून शब्द नाही. तोंड आहे की नाही इथूनच वाद. शिरस्त्राण हुबेहूब आमच्या बटणांच्या डब्यासारखं दिसतं, म्हणून आम्ही त्याला डबा म्हणतो. बिचारा इतके भाग झाले, गुपचूप येतो, कुणाचं तरी बिघडलेलं यंत्र दुरुस्त करतो आणि जातो. तो कोण, याच्यावर आमचं दुकान उभं आडवं फाटलंय.

हिचं म्हणणं, डबा म्हणजे कप्तानाची बेपत्ता झालेली बायको. पुरावा काय, तर डबा पाणी ओतून घेतो आणि भांड्यावर झाकण परत ठेवतो. पुरुषाच्या जातीने आजवर झाकण परत ठेवल्याचं तिने पाहिलेलं नाही. (हे बोलताना ती टीव्हीकडे बघत नव्हती.) मेहुण्याचं म्हणणं, डबा म्हणजे यानावरचा डॉक्टर. तो तिसऱ्या भागात मेला ना, असं मी म्हटलं, तर म्हणतो, मेला असं सांगितलं, प्रेत कुठे दाखवलं? तेव्हापासून तो तिसरा भाग एकटाच सात वेळा बघून बसलाय. आणि माझं म्हणणं सगळ्यात सोपं आहे: डबा म्हणजे खुद्द कप्तान, पुढच्या काळातून मागे आलेला. मी अंदाज करत नाही मामा, मी शिंपी आहे. माणूस चेहरा झाकेल, आवाज झाकेल, खांदा कुठे झाकणार? डब्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे. कप्तानाचाही उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे. झालं, संपला विषय.

पण विषय संपेल तर तो माझा मेहुणा कसला! गेल्या महिन्यात एका गुरुवारी तो सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाला की भावोजींना हल्ली टेपशिवाय खांदा कळत नाही. आता हे कुठे लागलं ते तुम्हाला कळेल. आमच्या धंद्यात कात्री ज्याच्या हातात तो मास्टर. मास्टरने खडूने आखायचं आणि कापायचं, कारागिराने मशीनवर बसून शिवायचं, आणि मास्टरच्या रेघेला कारागिराने प्रश्न विचारायचा नाही. ही शिस्त वडिलांची. त्यांची ती काळ्या मुठीची बारा इंची कात्री माझ्या हातात आली आणि अकरा वर्षं मेहुणा मशीनवर आहे. अकरा वर्षं त्याचा एक डोळा सुईवर आणि एक डोळा कात्रीवर. मी चिडलो. भर दुकानात म्हणालो, ठरलं तर मग! शेवटच्या भागात डॉक्टर निघाला तर कात्री तुझी, कटिंगचं टेबल तुझं, मास्टर तू, मी मशीनवर बसतो. कप्तान निघाला तर पुन्हा जन्मात कटिंगचं नाव काढायचं नाही. त्याने हात पुढे केला. ही मध्येच म्हणाली की कप्तानाची बायको निघाली तर कात्री तिची, आणि मग दोघांनाही ती काजं करायला बसवणार. तेही मान्य झालं, कारण नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती.

झालं! आता नुसतं म्हणून भागेना, सिद्ध करणं आलं. मी ठरवलं, डब्याचं माप घ्यायचं. टीव्ही थांबवायचा आणि पडद्याला टेप लावायचा. मी कपाटासमोर स्टुलावर, मान वाकडी करून, तोंडात टाचण्या. (मान इथे गेली.) पडद्यावरचा डबा जेमतेम वीतभर. पण तो ज्या दारातून येतो त्याच दारातून कप्तानही येतो, आणि कप्तानाची उंची मालिकेत सांगितलेली आहे, त्यामुळे त्रैराशिक मांडून छाती शेहेचाळीस, बाही सव्वीस, खांदा उतरता अर्धा इंच, असे आकडे काढले. अडचण एकच. थांबवलेलं चित्र पाच मिनिटांत आपोआप जातं. म्हणून हाताला लागली ती मापवही उघडली, समोर आलेल्या पानावर आकडे ओरबाडले आणि मोठ्या समाधानाने चहा प्यायलो.

ते पान बँकेतल्या साहेबांचं होतं. सज्जन माणूस, छाती अडतीस, दोन आठवड्यांनी निवृत्ती, निरोपाच्या समारंभासाठी कोट टाकलेला. पानाला त्यांच्या तपकिरी कापडाचा तुकडा टाचलेला. आमच्या वहीत आकड्यांपुढे छाती, कंबर असं कोणी लिहीत नाही, क्रम ठरलेला असतो, वरून खाली नुसते आकडे. त्यांची मापं वरच्या अर्ध्या पानावर, डब्याची खाली, आणि आम्ही नेहमी खालची, म्हणजे ताजी मापं धरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही उघडली आणि ते उंची कापड अंतराळवीराच्या मापाने कचाकच कापून मेहुण्यापुढे टाकलं. मेहुण्याने कापड पाहिलं, मला पाहिलं, आणि शिस्तीप्रमाणे एक शब्दही बोलला नाही.

चूक माझ्या लक्षात कधी आली असेल? साहेब ट्रायलला दुकानाची पायरी चढत होते तेव्हा! सहज वही चाळली आणि पायांखालची जमीन सरकली. त्यांचा कोट, त्यात आणखी एक साहेब मावतील एवढा! मी त्यांना बसा म्हणालो, चहा मागवू का म्हणालो, हवेबद्दल बोललो, त्यांच्या मुलीची चौकशी केली. (त्यांना मुलगी नाही.) शेवटी त्यांनीच खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला. मी डोळे मिटले.

आणि मामा, कोट बसला! बसला म्हणजे काय, अंगावर ओतल्यासारखा बसला. साहेबांनी आरशासमोर दोन्ही खांदे उडवून पाहिले. मग म्हणाले, आयुष्यभर प्रत्येक कोट माझ्या मानेवर चढायचा, हा पहिला जो जागेवर राहिला. तीस वर्षं उजव्या खांद्याला चामडी बॅग अडकवून बँकेत गेले, तो खांदा अर्धा इंच खाली आलाय, आणि आजवर एकाही शिंप्याच्या ते ध्यानात आलं नव्हतं. डोळे पुसत त्यांनी माझे दोन्ही हात धरले. हे कसं काय झालं ते विचारू नका. मास्टरच्या हाताला यश असतं, एवढंच म्हणतो.

पण माझं यश टिकलं किती, तर चहा गार होईपर्यंत. साहेब गेले आणि मेहुणा अगदी भोळा चेहरा करून म्हणाला, भावोजी, साहेबांचाही उजवा खांदा अर्धा इंच खाली, म्हणजे डबा आपले बँकेतले साहेब की काय? त्याने तिथेच टेप उचलला. दोन दिवसांत दुकानात आलेल्या अठरा जणांचे खांदे मोजले, चौदांचा उजवा खाली. पोस्टमन खाली, दातांचा डॉक्टर खाली, ही खाली, मी स्वतः पाऊण इंच खाली. म्हणजे माझ्या पुराव्याप्रमाणे डबा कोणीही असू शकतो, आणि त्यात माझा नंबर सगळ्यात वरचा. दातांचा डॉक्टर तर मनावर घेऊन बसलाय, आता येता-जाता आमच्या दुकानासमोरून न बोलता, हात पाठीमागे बांधून, डब्यासारखा चालत जातो. परवा त्याने आमची बिघडलेली इस्त्री मुकाट्याने उचलून नेली आणि दुरुस्त करून आणून ठेवली. हसून हसून हिच्या पोटात दुखायला लागलं. खरं सांगतो मामा, इतकी मजा या दुकानात वडिलांच्या वेळेपासून कधी आली नव्हती. पूर्वी सहाला कुलूप लागायचं, आता गुरुवारी गिऱ्हाईकं उभी राहून मालिका बघतात आणि जाताना भांडत जातात.

असो. शेवटच्या भागाला अजून तीन गुरुवार आहेत. मी शांत आहे. मामींना नमस्कार सांगा, थेंब विसरू नका, आणि उन्हात छत्रीशिवाय निघू नका.

तुमचा,
शिंपी भाचा

ता. क. विचारत नाही म्हटलं म्हणजे विचारत नाहीच. पण तुम्ही उत्तर तर लिहाल? त्यात मामींच्या खोकल्याबद्दल लिहायला सहीची आडकाठी नसावी. कप्तान असेल तर लिहा की खोकला थांबला. डॉक्टर असेल तर लिहा की औषध चालू आहे. कप्तानाची बायको असेल तर लिहा की मामी माहेरी गेल्या. मामींना खरोखरच खोकला असेल तर त्याचं वेगळं पत्र पाठवा.

आणखी एक ता. क. वरचं वाचून तुम्हाला वाटेल, भाच्याला जिंकायची घाई झाली. मामा, तसं नाही. पत्रात सगळं लिहिलं, एक गोष्ट गिळली. साहेब गेल्यावर मी तो कोट उलटा करून पाहिला. माझा खडू निळा. माझ्या निळ्या रेघेच्या आत सगळीकडे एक पांढरी रेघ होती. मेहुण्याने शेहेचाळीसची छाती अडतीसवर आणली, बाही कमी केली, बाही जिथे बसते तो मुंढ्याचा गोल नव्याने कापला, आणि खांद्याचा उतार तेवढा तसाच ठेवला, कारण साहेब पहिल्यांदा आले तेव्हाच त्याने तो नुसत्या नजरेने हेरला असणार. तो मुंढा मला जमला नसता. आणि साहेब माझे हात धरून रडत होते तेव्हा हा पठ्ठ्या खाली मान घालून सुईत दोरा ओवत होता, अजूनही चकार शब्द काढलेला नाही. कात्री त्याच्या हातात जायला हवी, हे मला आता कळलंय. पण अकरा वर्षं मास्टर म्हणवून घेतलेल्या माणसाला 'घे बाबा' म्हणून कात्री देता येत नाही, जीभ उचलत नाही. पैजेत हरलो तर हसत हसत देता येईल, पेढ्याच्या ऐवजी टोमणे खाऊन देता येईल. म्हणून मला हरायचंय. भीती एकच, माझंच खरं निघेल! कप्तान असेल तर ताबडतोब कळवा, म्हणजे येत्या गुरुवारी मी सगळ्यांदेखत मत बदलतो, डॉक्टरची बाजू मी घेतो आणि कप्तानाची मेहुण्याच्या गळ्यात मारतो. डॉक्टर असेल तर उत्तराची तसदी घेऊ नका.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मेहुणा आला. कान खाजवत म्हणाला, भावोजी, मामांचा पत्ता द्या, मलाही त्यांना चार ओळी टाकायच्यात. कशाबद्दल ते सांगेना. पत्ता दिला. दारापर्यंत गेला, परत फिरला आणि मोठ्या आशेने मला विचारलं, तो डॉक्टर खरंच मेला असेल, नाही का हो? मामा, त्यालाही हरायचं असेल तर मात्र कठीण आहे.