बांधाकडची ज्वारी

बाई, आज शाळेच्या रानातली ज्वारी निघाली. मजूर दुपारीच कणसं खळ्यावर टाकून गेले आणि बांधाकडच्या चार ओळी तुमच्या नियमाप्रमाणे उभ्या राहिल्या. संस्थेचे नवे चिटणीस मोटारसायकल थांबवून विचारत होते, "मॅडम, एवढं का सोडलं? मजूर पळाले काय?" निवृत्तीनंतरही रानाकडे मीच बघते, म्हणून उत्तरही मलाच द्यावं लागतं. म्हटलं, "पळाले नाहीत. तेवढं आपलं नाही." त्यांना वाटलं, शेजाऱ्याशी हद्दीचा वाद आहे. मी समजावत बसले नाही. समजावणं तुमचं काम होतं, आणि तुम्हीही ते दोन वाक्यांत उरकून फळ्याकडे वळायचात.

तुम्ही आमच्या वस्तीत पहिल्यांदा आलात तेव्हा आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तुम्ही काळी छत्री घेऊन उन्हात उभ्या. माझ्या शिक्षणाचं बोलणं निघालं तसा आईनं हातोडा खाली ठेवला आणि आधीच बजावलं, "पोरगी देते बाई, पण धर्माचं बोलू नका. आमी एकदा बदललाय. सारखं सारखं न्हाय बदलत." तुम्ही म्हणालात, "धर्म तुमच्याजवळ राहू द्या. पोरगी बोर्डिंगात राहू द्या." एवढंच. त्या वर्षी आम्ही बोर्डिंगात रेशनवर आलेल्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाल्ल्या आणि आंघोळीचं पाणी बादलीत धरून चिंचेच्या आळ्यांत ओतलं. सांडलं तर तुमची छडी. एक मुलगी कुरकुरली की झाडं आमच्याहून जास्त आंघोळ करतात. तुम्ही तिला दुसऱ्या दिवशी दोन झाडं दिलीत.

बायबलच्या तासाला तुम्ही शेताचा नियम शिकवलात. कडेचं पीक काढायचं नाही, पडलेलं कणीस उचलायचं नाही. तो सरवा गोरगरिबांचा, परक्याचा, पाखरांचा. "हे दान नाही," तुम्ही टेबलावर बोट आपटून सांगायचात. "दान द्यायला वस्तू आपली असावी लागते. कडेचं मुळात आपलं नाहीच." बाकीच्या मुली वहीत उतरवून घेत होत्या. मी लिहिलं नाही. सरवा काय असतो ते मला ठाऊक होतं. एका बागायतदाराच्या रानात आई दिवसभर वाकून कणसं वेचत होती आणि संध्याकाळी त्यानं काठीच्या टोकानं तिची ओटी झाडायला लावली. मी तिच्या शेजारी उभी होते. कणसं मातीत पडली तो आवाज अजून कानात आहे.

दुष्काळ सरल्यावरची पहिली सुगी आली. रानातली ज्वारी निघाली, चार ओळी उरल्या, आणि कुणीतरी मला सांगितलं की उद्या तुझी आई सरवा वेचायला येणार. पहाटे उठून मी एकटीनं त्या चारही ओळी उपटल्या, कणसं मोडून ढीग लावला. तळहात सोलून निघाले होते. तुम्ही आलात, ढीग बघितलात.

"कुणाचं उपटलंस?"

"बोर्डिंगचं."

"माझ्याकडं बघून सांग."

"माझी आई येणारय वेचायला," मी ओरडले. "सगळ्या पोरी बघतील. मला नको." आणि ओटी झाडल्याचं सगळं एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं, छडी येईल. तुम्ही म्हणालात, "लाज ओटी झाडणाऱ्याची आहे. ती तू कशाला वागवतेस?" मग ती कणसं पाटीत भरून माझ्या डोक्यावर दिलीत आणि आईकडे पाठवलंत.

आईनं पाटीला हात लावला नाही. "वाटलेलं म्या घेत न्हाय. बाईंला सांग, रानात असंल तर येते." मी भरलेली पाटी तशीच परत आणली. मग तुम्ही चपला काढल्यात, पाटी कमरेवर घेतलीत आणि त्या उघड्या पट्ट्यात एकेक कणीस टाकत चालू लागलात. मी मागोमाग. उन्हं चढली तशी आई शेजारणींना घेऊन आली, बांधावर थबकली आणि म्हणाली, "अगं बया! तुमच्या शाळंत उपटलेलं परत पेराया शिकवत्यात व्हय?"

तुम्ही हसलात, बाई. पदर तोंडाला न लावता, मोठ्यानं. खिडकीतल्या सगळ्या पोरी हसल्या आणि त्यांच्याबरोबर आईसुद्धा. तुम्ही मला म्हणालात, "बायका उन्हात आहेत. पाणी घेऊन ये." मी विहिरीचं पाणी घेऊन आले. आईनं सवयीनं ओंजळ पुढं केली. मी म्हटलं, "आई, तांब्याच धर." तिनं तांब्या दोन्ही हातांनी धरला, तोंडाला लावला आणि पाणी संपलं तरी बराच वेळ खाली ठेवला नाही.

पुढं साखर कारखाना आला. जळकोटच्या बाजूनं ऊस सरकत सरकत आपल्या बांधाला भिडला. संस्थेची माणसं म्हणाली, बाई, ऊस लावा, पैसा येईल. तुम्ही विचारलंत, "विहीर एक आहे. ती उसाला पाजली तर वस्तीला काय पाजू?" त्यांनी तुम्हाला ज्वारीवाल्या बाई म्हणून हिणवलं. तुम्ही गेलात तेव्हा रानात ज्वारीच होती आणि मी तुमच्याच वर्गात शिकवत होते. विहिरीवर वस्तीतल्या बायका होत्या. बातमी कळली तसे त्यांनी पोहरे वर ओढले आणि तशाच उभ्या राहिल्या.

आता सरव्याला कुणी येत नाही. रेशन मिळतं, लेकीसुना नोकरीला लागल्या. चांगलं झालं. पाखरं तेवढी येतात. पण आज चिटणीस गेल्यावर त्या चार ओळींकडे बघताना आठवलं, की त्या दिवशी आईला मी पाणी दिलं, तिच्याशेजारी वाकले मात्र नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. गुडघे दुखतात, तरी आज रानात उतरले. पदराची ओटी केली आणि पडलेली कणसं वेचली. कुणी ओटी झाडली नाही. कणसं आता समोर टेबलावर आहेत, त्यांच्याच शेजारी हे लिहितेय. पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही आधी शुद्धलेखन तपासलं असतंत.

एक सांगायचं राहिलं. वाकण्याआधी मी रस्त्याकडे बघून घेतलं होतं, कुणी नाही ना म्हणून. उद्या परत जाणार आहे, शाळा सुटायच्या वेळेला.