एकशे एकेचाळिसावं मेंढरू

मी, नॉरकुल वल्द ताशमुराद, वय तेवीस, मूळ गाव मैमनाजवळ, अफगाणिस्तान, हल्ली मुक्काम सातिल्मिश आगांचा मेंढवाडा, कंगाल गावाच्या वरचं पठार, जिल्हा सिवास, डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माणसांपैकी कुणी जबरदस्ती केलेली नाही. दारात कुत्रा आडवा पडला आहे, त्याचं वेगळं. शाळा तीनच वर्षं झाली, चुका पोटात घालाव्यात.

मला समुद्रापलीकडे भावाकडे जायचं आहे. तिकडे नेणाऱ्या होडीत बसलेले आमच्या गावचे दोघे पोचले नाहीत, म्हणून आधी लिहितो. पंधरा दिवसांत बर्फाने रस्ता बंद होईल. मग एप्रिलपर्यंत इथून कुणी हलत नाही. अशी चार वर्षं गेली.

१. माझा रेडिओ आगांच्या आईला, दोंदू आजीला. ती तसाही ऐकतेच.

२. बूट माझ्या जागी येईल त्याला. डावा गळतो.

३. आगांना काही नाही. माझं ओळखपत्र त्यांच्या पेटीत आहे, तेच जपून ठेवावं. पहिल्यांदा जातो म्हणालो तेव्हा हसले होते. "तुला कोण धरून ठेवतंय, लेका? दार उघडंय. फक्त टिपीला विचार."

४. टिपी. कुत्रा आगांचा आहे, तो मला देता येत नाही. त्याच्याबद्दल जे कळलं ते देतो. नव्या मेंढक्याने हे दोनदा वाचावं, वाचता येत नसेल तर आजीकडून ऐकावं, तिला पाठ आहे.

त्याला बांधू नये. बांधलेला कंगाल जातीचा कुत्रा चिडका होतो, मग लांडगा आणि पाहुणा त्याला सारखेच. खाणं संध्याकाळी एकदाच, जवाच्या पिठाचे गोळे कोमट ताकात. मेंढीचं कच्चं मांस कधीच नाही. डोक्यावरून हात फिरवायला जाऊ नये. समोरून यावं, थांबावं, त्याला वास घेऊ द्यावा. पहिले आठ दिवस आजीबरोबर कळपामागून चालावं, म्हणजे तू त्याच्या ओळखीचा होशील. शेपूट पाठीवर वळली आणि भुंकणं थांबलं की लांडगा जवळ आहे. झटापटीनंतर त्याच्या गळ्यातला खिळ्यांचा पट्टा लगेच काढू नये. आधी शेजारी बसावं, त्याचा श्वास खाली येऊ द्यावा. मारू तर नयेच. मी एकदा काठी मारली होती. त्याने काही केलं नाही, नुसतं बघितलं. अजून लाज वाटते.

आणि माझी चूक करू नये. मी आलो तेव्हा तो दोन महिन्यांचा होता, मेंढरांतच वाढवायला ठेवलेला. पहिल्या थंडीत खोलीत गोठायला झालं म्हणून मी त्याच्याजवळ, मेंढरांत झोपलो. आजी ओरडली होती, "पोरा, तिथं झोपू नकोस! पिल्लू ज्यांच्यात झोपतं ते त्याचे. तू त्याचा मालक नाही होणार, मेंढरू होशील." मी म्हणालो, "आजी, मेंढरांना निदान ऊब तरी असते."

कळपात एकशे चाळीस आहेत. टिपीच्या लेखी एकशे एकेचाळीस.

दुधाच्या गाडीकडे गेलो की तो आडवा येतो. चावत नाही, बाही धरून मागे नेतो. उन्हाळ्यात तो झऱ्यावर असताना मी गाडीत बसलो, पुलापर्यंत पोचलोसुद्धा. तो कळप सोडून मागे आला. हरवलेलं मेंढरू सापडेपर्यंत, निदान त्याचं मढं हुंगेपर्यंत तो शोधतो. इकडे कळप उघडा. आगांनी भिंतीवरची बंदूक काढली होती. कळप सोडणारा कुत्रा इथे ठेवत नाहीत. मी परत आलो म्हणून तो वाचला. "पुढच्या वेळी गोळी," आगा म्हणाले, आणि ते खोटं बोलत नाहीत.

५. म्हणून माझा लोकरीचा झगा, चार वर्षं न धुतलेला, टिपीला. आजीची युक्ती: त्यात पेंढा भरून तो मेंढरांत ठेवायचा. वास राहिला तर हिशेब पुरा भरेल. मी स्वेटरवर जाईन.

६. मी बुडाल्याची बातमी आली तर झगा जाळू नये.

पुरवणी, आज सकाळची. झगा ठेवला. टिपीने हुंगला, शेजारी बसला. मी रस्त्यापर्यंत पोचलो. जाफरने दुधाच्या गाडीचं दार उघडलं. मागे वळून पाहिलं तर तो झगा तोंडात धरून, बर्फातून ओढत येत होता. माझ्यापुढे टाकला आणि कळपाकडे पाहत उभा राहिला. मी स्वेटरवर कुडकुडत होतो.

जाफर म्हणाला, "चढतोस का? आगांच्या घराचं दार उघडलंय, बंदूक दिसतेय."

मी झगा अंगात घातला.

साक्षीदार: दोंदू आजी (अंगठा). जाफर, दूधगाडीवाला (सही, म्हणतो, "मी काय, रोजच येतो").

सही: नॉरकुल

तारीख: ~~९ नोव्हेंबर~~ ~~१० नोव्हेंबर~~ ११ नोव्हेंबर

ठिकाण: मेंढवाडा, दाराच्या आत.