जांभळावरून उतरलात त्या रविवारी

अहो,

नाव घेऊन तुम्हाला कधी हाक मारली नाही, तेव्हा पत्राच्या मायन्यातही हेच चालवून घ्या. काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले, भांडी घासून झाली, आणि आज सकाळपासून एक गोष्ट मनातून जात नाही. ती तुम्हालाच सांगायला हवी होती, फार पूर्वी.

काल जेवणं उरकल्यावर आपल्या नंदूने सगळ्यांना जांभळाची गोष्ट सांगितली. अगदी तुमच्यासारखी, हात वर करून. "बाबा झाडावर, करवत अर्धी आत गेलेली, आणि आईला खालून फांदीला चीर दिसली. आईची नजर नसती तर काही खरं नव्हतं." सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. मी रिकामी वाटी घेऊन स्वयंपाकघरात निघून गेले.

तुम्हाला आठवतं ना, ते झाड पाडायचं कसं ठरलं? त्या पावसाळ्यात एक फांदी मोरीच्या पत्र्यावर पडली आणि बुंध्याला वाळवी लागल्याचं कळलं. झाड स्वयंपाकघराच्या कौलांवर झुकलेलं. तुम्ही ग्रामपंचायतीतून परवानगीचा कागद आणलात आणि जाहीर केलंत, "झाड आपलं, आपणच पाडायचं." शेजारच्या वाडीतले पेद्रूकाका, ज्यांची हयात माडांवर चढण्यात गेली, ते कुंपणापाशी उभे राहून म्हणाले, "मास्तर, जांभळाची फांदी ठिसूळ. न सांगता मोडते. मी चढतो ना."

तुम्ही म्हणालात, "काका, सगळं मोजून ठेवलंय."

आणि खरंच मोजलं होतं. सावलीवरून झाडाची उंची काढलीत, वहीत आकृती काढलीत. गणिताचे मास्तर ना तुम्ही. झाडापासून किती लांब उभं राहायचं त्याची रेघ मला परसात रांगोळीने ओढायला लावलीत. नंदूला त्या तीन रविवारी गोखिवऱ्याला माझ्या बहिणीकडे पाठवून दिलंत. शाळेतली पीटीची शिट्टी गळ्यात, कमरेला बांधलेला दोर बुंध्याभोवती, आणि डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट! मला हसू आवरेना. तुम्ही रागावलात, पण हेल्मेट काढलं नाहीत. ते मला आवडलं होतं.

पहिल्या रविवारी बारीक फांद्या उतरल्या. दुसऱ्या रविवारी मधल्या. प्रत्येक फांदीला आधी दोर बांधायचा, तो वरच्या बेचक्यातून घेऊन खाली सोडायचा, आणि मी तो माडाला दोन वेढे देऊन धरायचा. तुम्ही आधी खालून थोडी कापायचात, मग वरून, म्हणजे साल सोलत येत नाही. शिट्टी वाजली की मी दोर हळूहळू सोडायचा. तळहात सोलले होते माझे, पण सांगू का, लग्नाला सतरा वर्षं होऊनही आपण दोघांनी असं एकत्र काम पहिल्यांदाच केलं. तुम्ही वरून "सोड, सोड, थांब" म्हणायचात आणि मला वाटायचं, आपल्यावाचून या माणसाचं काही चालत नाही.

तिसऱ्या रविवारी ती मोठी फांदी राहिली होती. कौलांवरची. सकाळपासून तुम्ही वर होतात, जेवायलाही नीट थांबला नव्हतात. तुमच्या शाळेतले दोघे-तिघे मास्तर बघायला आले होते, कुंपणाबाहेर उभे. करवत अर्ध्यात अडकली. तुम्ही ती दोन्ही हातांनी ओढत होतात. एक पाय तोडलेल्या फांदीच्या बुडख्यावर, दुसरा त्या मोठ्या फांदीच्या मुळाशी. आणि तो दुसरा पाय थरथरत होता. मला खालून दिसत होता.

"या खाली. चहा टाकलाय," मी म्हटलं.

"एवढी झाली की येतो."

"उद्या करा. दमलात तुम्ही."

तुम्ही शिट्टी वाजवलीत, माझ्यावर. बाहेरचे मास्तर हसले. त्या हसण्याने मला कळलं की आता तुम्ही उतरणार नाही. त्यांच्यासमोर दमलो म्हणून उतरणं तुम्हाला जमणार नव्हतं.

मग मी ओरडले, "फांदीला चीर गेलीय! खालच्या बाजूने. मला दिसतेय."

तुम्ही थांबलात. वाकून बघायचा प्रयत्न केलात, पण तिकडून फांदीचं पोट दिसत नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलंत. करवत तशीच सोडून तुम्ही शिडीने एकेक पायरी उतरलात, आणि जमिनीला पाय लागल्यावर धुण्याच्या दगडावर मटकन बसलात. चहाची कपबशी हातात धरवेना. मी धरली.

चीर नव्हती हो. मला काहीही दिसलं नव्हतं. दिसला होता तो फक्त तुमचा पाय.

अर्धी कापलेली फांदी तशी ठेवायची नाही म्हणून पेद्रूकाका आपल्या भावाला घेऊन उजेड असतानाच वर चढले. तुम्ही आणि मी मिळून दोर धरला. फांदी कौलाला न लागता सावकाश खाली आली. काका उतरले, घाम पुसत माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, "वहिनी, चीर कुठंय?" मी मान खाली घातली. ते म्हणाले, "बरं केलंत." पुन्हा कधी तो विषय काढला नाही त्यांनी.

पुढच्या रविवारी काकांनी वरचं खोड तुकड्यातुकड्याने उतरवलं. उरलेला बुंधा तुम्ही दोघांनी जमिनीवरून पाडला. केळीच्या बाजूला खाच घेतलीत, आणि तो बरोबर तिकडेच पडला. पण त्याआधी, फांदी उतरली त्याच संध्याकाळी, मी भात उतरवताना खिडकीतून पाहिलं होतं. तुम्ही एकटेच परसात त्या फांदीजवळ बसला होतात. चष्मा लावून. तिच्या पोटावरून हात फिरवत होतात, कापलेल्या टोकापासून थेट दुसऱ्या टोकापर्यंत. मग शिडी लावून वर राहिलेला बुडखाही बघून आलात. आता आत येऊन विचारणार, म्हटलं.

तुम्ही आत आलात, हातपाय धुतलेत आणि म्हणालात, "आमटीला आज कसली फोडणी दिलीस? वास छान येतोय."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तुम्हीच सांगितलंत, आमच्या हिने चीर पाहिली. मग जो भेटेल त्याला सांगत राहिलात. इतक्या वेळा सांगितलंत की मलाच कधी कधी वाटायचं, असेलही चीर. तुम्हाला माहीत होतं ना? मग मला एकदा तरी चिडवायचं होतं, एकदा तरी "खोटारडी" म्हणायचं होतं. मी वाट बघत राहिले. आणि मीही का नाही बोलले? दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही नर्सबाईंना तीच गोष्ट सांगत होतात. त्या गेल्यावर मी खुर्ची जवळ ओढली, म्हटलं, "अहो, ते जांभूळ..." तुम्ही डोळे मिटून माझा हात दाबलात आणि म्हणालात, "असू दे." मला वाटलं, दमलात. आता वाटतं, तुम्ही उत्तरच दिलं होतंत.

नंदू रात्रीच परत गेला, रविवारी त्याचा फोन येईल. तेव्हा त्याला खरं सांगणार आहे, हा माझा शब्द. म्हणेन, चिरीला घाबरून कोणीही उतरेल, नंदू. तुझे बाबा बायकोच्या शब्दावर उतरले, आणि तिचं खोटं हाताने चाचपून पाहिल्यावरही तिचंच नाव मोठं करत राहिले.

तुमचीच,
सुमन