वाचनालयाच्या भिंतीवरच्या पळसाबाबत

मी, अश्वजित मारोती मनवर, वय सव्वीस, धंदा भिंतीवर चित्रे काढणे, शिक्षण अर्धी नववी, राहणार फुलसावंगी, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ. उद्या पुसदला माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. ते त्यांनी दोनदा म्हटले, म्हणून हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे, कुणाची जबरदस्ती नाही आणि प्रत्येक शब्द तहसिलीतल्या अर्जनविसाकडून तपासून घेतला आहे.

एक. टिनाची खोली व बँकेतली शिल्लक आई वच्छलाबाई हिची. आईने खोलीला गुलाबी रंग देऊ नये. द्यायचाच असेल तर आधी भिंत नीट घासून घ्यावी.

दोन. मोबाईलही आईचा. त्यातले पळसाचे फोटो कुणी पुसू नयेत.

तीन. वाचनालयाची भिंत. सगळी काळजी हिचीच आहे. तिच्यावर मी ऋतू काढत आहे. पावसाळ्यात पावसाची एकही रेघ नाही, नुसती काळीभोर ओली माती. हिवाळ्यात कापूस वेचणाऱ्या बायकांच्या लांब सावल्या. उन्हाळ्यात त्याच सावल्या पायाशी गोळा झालेल्या. वसंतासाठी पळस आहे. फांद्या झाल्या, फुले राहिली.

पळसाचा रंग मी डब्यातून तसाच लावत नाही. सकाळच्या उन्हात ताजे फूल भिंतीला धरतो आणि त्याच्याशी रंग जुळवतो. शिळे फूल काळवंडते व रंग फसतो. सध्या रानात पळस ऐन भरात आहे, आणि मला सव्वा महिना शिडी बंद. तोवर एक फूल राहणार नाही.

म्हणून हे काम, माझे सर्व ब्रश व शिडी तनवीरला द्यावीत. आम्ही आधी जोडीने काम करायचो. गेल्या वर्षी त्याने मंगल कार्यालयाच्या भिंतीवर फुललेल्या पळसाला हिरवीगार पाने काढली. आपल्याकडे पळस पाने टाकून फुलतो, हे त्यालाही माहीत आहे. विचारले तर म्हणाला, "लोकायले हिरवं दिसलं की वसंत वाटते. तुह्या झाडाले तं वाळवी लागल्यावानी दिसते." वाळवीचे मी विसरलेलो नाही. तेव्हापासून आमची कामे वेगळी आहेत. तरी पाकळीला त्याच्याइतका बाक कुणाला देता येत नाही. हे त्याला वाचून दाखवू नये. अट एकच, पान काढायचे नाही.

पुरवणी, त्याच दिवशी संध्याकाळी. वाचनालय सांभाळणारे उत्तमसिंगकाका साक्षीला येणार होते. दुसरा साक्षीदार तुम्हीच आणा, असे मी त्यांना सांगितले होते. त्यांनी तनवीरलाच आणले. त्याने सगळे वाचले, वाळवीसकट.

"साधा हर्निया आहे बे. लढाईले चालला काय?"

मी त्याला सांगितले की ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीची सही करू नये, असे अर्जनवीस म्हणतो. ब्रश घे, नाहीतर सही कर.

"मंग मले ब्रश नको. सही करतो."

"अन् फुलं?"

"तुह्ये फुलं तूच काढ, पुढच्या फाल्गुनात. मी खालून शिडी धरतो. फक्त वरून मले शिकवू नको."

काका म्हणाले, "म्हंजे वर्षभर आमच्या भिंतीवर वाळलं झाड?"

"राहू द्या काका," तनवीर म्हणाला. "कोणी विचारलं तं सांगा, पेंटर येऊन राह्यला."

सबब कलम तीन मी स्वतःच्या हाताने खोडले आहे, वाचता येईल इतपत. पळसाचे काम कुणालाही दिलेले नाही. ते माझ्याकडेच राहील.

लिहून देणार: अश्वजित मारोती मनवर

आमच्यासमोर सही केली:
१. उत्तमसिंग जाधव
२. शेख तनवीर शेख रहेमान

ठिकाण: फुलसावंगी
दिनांक: १० मार्च २०२५